निखाऱ्यावर शेकलेला पाव

सुटीच्या आदल्या संध्याकाळीं शहरांतील एखादें कुटुंब अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मुक्कामाला आलें आहे असें क्षणभर समजावें. समोर समुद्र, समुद्रांत बेटावरचा जुना किल्ला, पाठीशीं सुरूचीं उंच झाडें. रात्र सुखानें जाते. सकाळीं चहाचें पाणी उकळूं लागतें न लागतें तोंच मुलांना भूक लागते. टोपलींत पावरोटी आहे, लोणीही आहे; नाहीं ती फक्त वीज. घरीं यंत्राची कळ दाबली कीं दोन-तीन मिनिटांत तांबूस काप टुणकन् वर येतात. येथें ती सोय नाहीं. मग थोरला मुलगा पुढें होतो, काडीला टोंचलेला काप भडकलेल्या शेकोटींत धरतो आणि घाईघाईनें बाहेर ओढतो. काप बाहेरून कोळशासारखा काळा, आंतून तसाच गार, आणि वर धुराचा उग्र वास! दुसऱ्या कापाचीही तीच गत होते. तेव्हां आजी म्हणते, "अरे बाळा, जाळांत कधीं कोणी भाकरी शेकली आहे का? जाळ ओसरूं दे, निखारे पुढें ओढ, आणि मग धर."

आजीच्या या वाक्यांत या विषयाचें निम्में शास्त्र सांठविलेलें आहे. चुलीवर भाकरी करणारी स्त्री भाकरी आधीं तव्यावर टाकते, वरच्या अंगाला पाणी फिरविते, ती उलटते, आणि शेवटीं चुलीच्या तोंडाशीं ओढलेल्या निखाऱ्यांवर तिला शेकते. भाकरी टम्म फुगते ती तेथें, जाळांत नव्हे. जाळ चंचल असतो. तो वाऱ्याबरोबर इकडे तिकडे झुकतो, एका जागीं पोळतो, दुसरी जागा कोरडीच ठेवतो, आणि जातांना काजळी मागें ठेवून जातो. निखारा स्थिर असतो. त्याची ऊब दुरून, सारखी आणि हळूहळू लागते. म्हणूनच दुखऱ्या गुडघ्याला आपण 'शेक' देतों. पावाला हवा असतो तोही शेकच.

येथें एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे 'टोस्ट' म्हटलें कीं बेकरींतला, दोनदां भट्टींतून निघालेला, चहांत बुडवून खावयाचा कडक काप पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येतो. प्रस्तुत विषय त्या टोस्टाचा नसून साध्या पावाच्या शेकलेल्या कापाचा आहे. वरून खुसखुशीत आणि आंतून मऊ असें ज्याचें रूप असावें, त्या कापाचा.

वसईच्या भूमीला पाव हा परका नाहीं. 'पाव' हा शब्दच मुळीं पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याजकडून १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. या दोन शतकांहून अधिक काळांत किल्ल्याच्या तटाआड अनेक चर्चें उभीं राहिलीं, आणि आंबवलेल्या पिठाचा भट्टींतला पावही कोंकणच्या किनाऱ्यावर रुळला. पीठ आंबविण्यासाठीं माडाच्या ताडीचा उपयोग करण्याची चाल गोमंतकांत दीर्घकाळ होती. सांगण्याचा हेतु इतकाच कीं, पाव आणि विस्तव यांची सोबत जुनी आहे. वीज त्या मानानें कालची पाहुणी. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, तापून लाल झाली तरी लवकर न जळणारी तार अमेरिकेंत अल्बर्ट मार्श यानें शोधली व तिचें पेटंट त्याला १९०६ सालीं मिळालें. पुढें १९०९ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें विजेवर पाव शेकण्याचें यंत्र बाजारांत आणलें. त्या यंत्रांत डोकावून पाहावें. आंत जाळ नाहीं, धूर नाहीं. आहे ती लालबुंद तार. ती तार म्हणजे विजेनें पेटविलेला निखाराच होय. विजेच्या यंत्रानें आजीची रीत मोडली नाहीं. तिचीच नक्कल केली.

आतां पाव शेकला जातो म्हणजे नेमकें काय होतें तें पाहूं. पावांत पाण्याचा अंश बराच असतो. कापाच्या पृष्ठभागावरील पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत तेथील उष्णतामान १०० अंश सेल्सिअसच्या फारसें वर चढत नाहीं, आणि तोंवर कापाला रंगही चढत नाहीं. पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारें १४० अंशांच्या पुढें गेला म्हणजे पावांतील शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांची परस्परांवर क्रिया जोरानें सुरू होते. तो सोनेरी तांबूस रंग आणि तो खमंग वास हें या क्रियेचें फळ. लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं तिचें वर्णन केलें, म्हणून ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. जाळांत धरलेला काप या पायऱ्या चढतच नाहीं. त्याचें वरचें कवच एकदम करपतें आणि आंतला गर ओलाच राहतो. काळा पडलेला काप नुसता कडूच लागतो असें नव्हे. पिष्टमय पदार्थ फार तापविले असतां त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य तयार होतें, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं दाखवून दिलें. आणि काप जितका काळा, तितकें तें अधिक. म्हणून सोनेरी रंग आला कीं थांबावें.

कृति सोपी आहे. अवघड आहे तें वाट पाहणें. लांकूड पेटविल्यावर त्याचे चांगले निखारे होण्यास अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून चहाच्याही आधीं शेकोटी लावावी. वसईच्या बाजूला नारळाला तोटा नाहीं. वाळलेल्या करवंट्या चटकन् पेटतात आणि त्यांचा निखारा फार प्रखर होतो. किनाऱ्यावर वाहून आलेलें लांकूड मात्र घेऊं नये. तें खाऱ्या पाण्यांत मुरलेलें असतें, आणि जळतांना त्यांतून अपायकारक धूर निघतो. रंग दिलेल्या फळ्यांना आणि प्लायवुडच्या तुकड्यांनाही हाच नियम. चुलीसाठीं दगड मांडावयाचे ते कोरडे घ्यावे. पाण्यांत भिजत पडलेल्या दगडाच्या पोटांत ओल असते; तिची वाफ झाली म्हणजे दगड तडकून त्याच्या कपच्या उडूं शकतात.

निखाऱ्यांवर राखेचा पांढुरका थर चढला म्हणजे ते तयार झाले असें समजावें. काप जेथें धरावयाचा त्या उंचीवर तळहात धरून सावकाश चार अंक मोजावे. दोन अंकांतच हात ओढून घ्यावा लागला तर आंच फार आहे. दहा अंक सहज मोजतां आले तर ती कमी आहे. चारांच्या सुमारास हात मागें घ्यावासा वाटला म्हणजे ती नेमकी. घरांतील पापड भाजण्याची जाळी दगडांवर टेंकवून तिच्यावर काप मांडावे, आणि दर अर्ध्या मिनिटानें ते उलटावे. जाळी नसेल तर बांबूची काडी चालते. परंतु ती चिरलेली असावी, कारण बंद पेराची बांबूनळी विस्तवांत स्फोट होऊन फुटते. हाताशीं आली ती डहाळी तोडून तिला पाव टोंचणें धोक्याचें आहे. कण्हेरीसारख्या झाडांच्या काड्या विषारी असतात. तवा असेल तर काम आणखी सोपें. तवा मंद आंचेवर कोरडाच तापवावा, काप त्यावर ठेवून उलथण्यानें हलकेंच दाबावा, आणि लोणी लावावें तें शेकून झाल्यावर. आधीं लावल्यास तें जळतें. पाव आदल्या दिवशींचा असला तर उत्तमच. त्यांतली ओल कमी झालेली असते, तो काडीवरून गळून पडत नाहीं आणि लवकर रंग धरतो. शेकलेल्या कापावर लोणी आणि वसई-आगाशीकडील राजेळी केळ्यांच्या सुकेळीचे बारीक तुकडे घातले, तर मुलांना दुसऱ्या गोडाची आठवण राहणार नाहीं.

येथवर निखाऱ्याची स्तुति झाली. परंतु ज्या गुणासाठीं त्याची स्तुति केली, त्याच गुणांत त्याचा धोका आहे. तो शांत असतो. जाळ दिसतो, आवाज करतो, म्हणून माणूस त्याला भितो. निखारा कांहींच बोलत नाहीं, म्हणून माणूस त्याला विसरतो.

हें विसरणें पहिल्यानें घडतें तंबूंत. रात्रीं गार वारा सुटतो, सकाळीं पावसाची सर येते, आणि कोणी तरी विचार करतो कीं, धूर तर मुळींच नाहीं, मग निखाऱ्यांची शेगडी आंत घेतली तर काय बिघडलें? पुष्कळ बिघडतें. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं आणि वासही नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळकटपणें चिकटतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. आणि झोंपलेल्या माणसाला तर एवढीही सूचना मिळत नाहीं. तंबूची कनात थोडी उघडी ठेवणें हा त्यावर उपाय नव्हे. शेगडी आंत न घेणें हाच एक उपाय. असें कोणास झाल्याचा संशय आला तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेंत आणावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसऱ्यानें तें घडतें वाळूंत. मुक्काम हलवितांना शेकोटीवर पायानें वाळू लोटली कीं विस्तव विझला असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तो केवळ झांकला जातो. वाळूंतून उष्णता सहजासहजीं बाहेर पडत नाहीं, म्हणून खालचे निखारे तासन् तास धगधगत राहतात, आणि वरून मात्र सपाट, स्वच्छ वाळू दिसते. समुद्राकडे अनवाणी धांवत सुटलेल्या मुलाला ती जागा कशी ओळखूं यावी? यासाठीं वाळू लोटूं नये, पाणी ओतावें. किनाऱ्यावर पाण्याची वाण ती काय! पाणी ओतावें, काठीनें ढवळावें, पुन्हां ओतावें. आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाहीं अशी खात्री झाल्यावरच पाय काढावा.

तिसऱ्यानें तें घडतें रानांत. वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. तेथील सुमारें ८५ चौरस किलोमीटर वनाला २००३ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यांत त्या वनांत वाळलेल्या पानांचा जाड थर पसरलेला असतो, आणि एक ठिणगीही त्याला पुरे होते. अभयारण्याला धोका पोहोंचेल अशा रीतीनें विस्तव पेटविण्यास किंवा तो पेटता सोडून जाण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें मनाई आहे. तेव्हां अशा ठिकाणीं पाव शेकण्याचा हट्ट धरूं नये. वर बाजूला ठेवलेला बेकरींतला टोस्ट येथें कामास येतो. त्याला विस्तव लागत नाहीं, आणि रानाला त्याचा उपद्रवही नाहीं.

एवढा खटाटोप एका पावाच्या कापासाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर जुलै २०१८ मधील वसई-विरारकडे पाहिल्यास मिळतें. मुसळधार पावसानें तो सारा परिसर जलमय झाला, आगगाड्या थांबल्या, आणि अनेक वस्त्यांत वीज नाहींशी झाली. अशा दिवशीं घरांतील यंत्रें मुकीं होतात आणि माणसाच्या हातांना काय येतें तें कळून चुकतें. ज्या घरांतील मुलांनीं सुटींत हंसतखेळत तव्यावर पाव शेकला आहे, त्या घरांत अंधाऱ्या सकाळींही चहाबरोबर गरम घास मिळतो. आणि बंद खोलींत निखाऱ्यांची शेगडी आणूं नये हेंही त्या मुलांना ठाऊक असतें. या दोहोंत दुसरें ज्ञान अधिक मोलाचें, कारण त्यावर जीव अवलंबून असतो.

आतां पुन्हां अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे वळावें. जाळ ओसरला आहे. आजीनें निखारे पुढें ओढले आहेत, आणि थोरला मुलगा तळहात धरून चार अंक मोजीत आहे. तिसरा काप सोनेरी होऊन उतरतो. त्याचे चार तुकडे होतात, आणि आधींचे दोन काळे काप कावळ्यांच्या वांट्याला जातात. न्याहारी आटोपते, सामान बांधून होतें, आणि मंडळी निघावयास लागतात. तेव्हां आजी मुलाच्या हातीं बादली देते. तो समुद्राकडे एकदां जातो, दुसऱ्यांदां जातो. दुसऱ्या खेपेनंतर राखेंतून वाफ येत नाहीं. "झालें, आजी," तो म्हणतो. आजी खालीं वाकून राखेजवळ हाताची मागची बाजू नेते आणि म्हणते, "अजून ऊब आहे रे. आणखी एक बादली आण." मुलगा तिसरी बादली आणावयास जातो.