‘उद्या भरू’
(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



‘मोह आणि अधःपतन’ हा विषय घेऊन संयोजक माझ्याकडे आले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. या विषयावर बोलण्याचा अधिकार साधुसंतांचा, कीर्तनकारांचा. मी आयुष्यभर बँकेत आकड्यांखाली आकडे मांडलेला माणूस. परंतु ते म्हणाले, ‘‘षड्रिपूंविषयी आम्ही पुष्कळ ऐकले आहे. तुम्ही खातेवहीत जे पाहिले, ते सांगा.’’ तेव्हा आज तेवढेच सांगणार आहे. त्यात एक भाग माझ्या स्वतःच्या स्खलनाचाही आहे, आणि तो मी आजवर जाहीरपणे कधी बोललेलो नाही.

आपल्यापैकी ज्येष्ठांना पिग्मी ठेव ठाऊक असेल. सिंडिकेट बँकेने १९२८ साली ही योजना सुरू केली आणि पुढे आपल्याकडच्या अनेक सहकारी बँकांनी व पतसंस्थांनी ती उचलली. भाजीवाली, पानवाला, सायकल दुरुस्त करणारा, यांच्याकडे रोज संध्याकाळी एजंट जातो. दहा-वीस रुपये घेतो, ठेवीदाराच्या कार्डावर नोंद करून सही करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यांच्या यादीसह ती रक्कम बँकेत भरतो. एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ते पैसे त्याच्या पिशवीत असतात. त्या एका रात्रीवर सारी योजना उभी आहे.

१९८६ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेचा हिशेबनीस होतो. आमचा एजंट तिशीतला, घरंदाज, निर्व्यसनी. पावसात भिजत यायचा, पण रक्कम कोरडी आणायचा. एका रात्री त्याच्या आईचा दमा उसळला. डॉक्टरांनी इंजेक्शने लिहून दिली. घरात पैसे नव्हते, पिशवीत होते. त्याने एकशे ऐंशी रुपये घेतले. सकाळी भरण्याच्या यादीतून त्याने नऊ खाती वगळली. आठ दिवसांनी कमिशन हाती पडताच ती नऊ खाती पुरी करून टाकली. पैन् पै भरली.

पुढे चौकशीत त्याने हे सारे सांगितले तेव्हा मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते या परतफेडीने. आपण समजतो की पहिल्या वेळी पैसे परत केले म्हणजे पाप फिटले. प्रत्यक्षात त्या परतफेडीने त्याला दोन गोष्टी शिकवल्या : घेता येते, आणि कोणी विचारत नाही. त्या एकशे ऐंशी रुपयांनी बँकेचे काहीच नुकसान झाले नाही. मात्र त्याच्या मनात जी भिंत होती, तिला एक दार पडले. पुढच्या वेळी दार पाडण्याचे कष्टही घ्यावे लागले नाहीत, नुसते ढकलावे लागले. मग मुलाच्या शाळेची फी, मग भावाचे कर्ज, मग दिवाळी. आईच्या औषधाला मोह म्हणणे माझ्या जिभेवर आजही येत नाही. दिवाळीच्या कपड्यांना म्हणता येते. परंतु दोन्ही वेळी पिशवी तीच होती आणि हातही तोच.

मंगळवारच्या कमतरतेत बुधवारची वसुली भरायची, बुधवारच्या खड्ड्यात गुरुवारची. आपल्या भाषेत म्हणायचे तर ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. या व्यवहाराची एक विलक्षण शिक्षा असते. ज्याने तो सुरू केला, त्याला एक दिवसही विसावा मिळत नाही. दुसरा कोणी त्याच्या जागी वसुलीला गेला, ठेवीदारांची कार्डे आणि बँकेची वही शेजारी ठेवली, की सारे उघडे पडते. म्हणूनच जोखमीच्या जागेवरील कर्मचाऱ्याला सक्तीने रजेवर पाठवण्याची पद्धत बँकांत असते. आमचा एजंट अंगात ताप असताना गेला. आई वारली, तेव्हा तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडला. आणि आम्ही, सारी शाखा, काय म्हणत होतो? ‘‘काय निष्ठा आहे या मुलाची!’’

अखेर काविळीने त्याला अंथरुणावर पाडले. शिपाई कार्डे घेऊन फिरला आणि दोन दिवसांत हिशेब पुढे आला. अडतीस हजार रुपये. त्याच्या सुमारे तीन वर्षांच्या कमिशनाएवढी रक्कम! त्यातली बरीचशी त्याने उधळलीही नव्हती. जुने खड्डे बुजवण्यासाठी त्याने बाहेरून भारी व्याजाने पैसे उचलले होते, ते व्याजही पुन्हा पिशवीतूनच जात होते.

आता माझा भाग. ती पहिली नऊ खाती माझ्या नजरेस आली होती. रोज भरणारा पानवाला आठ दिवस कोरडा कसा, हे विचारण्यासाठी मी त्याला टेबलाशी बोलावले. त्याने मान खाली घातली. ‘‘साहेब, आईचं आजारपण होतं. उद्या-परवा भरतो.’’ मी त्याची आई पाहिली होती. तिच्या हातचे खाल्ले होते. मी यादीवर लाल शाईची खूण केली आणि म्हणालो, ‘‘जा, पुन्हा असं करू नकोस.’’

मला त्या क्षणी अभिमान वाटला होता. नियमापेक्षा माणूस मोठा मानला, असे वाटले होते. प्रत्यक्षात शाखाधिकाऱ्यांपुढे अप्रिय गोष्ट नेण्याचे मला टाळायचे होते. चांगला म्हणवून घेण्याचा मोह हाही मोहच, आणि तो अधिक सोज्वळ वेशात येतो. दुसऱ्या वेळी तफावत दिसली तेव्हा मी बोलू शकत नव्हतो. कारण मग पहिल्या खुणेचा जाब मला द्यावा लागला असता. बंधु-भगिनींनो, त्याचे पहिले पाऊल आणि माझे पहिले पाऊल एकाच आठवड्यातले आहे.

त्याची एजन्सी गेली, फिर्याद झाली. त्याला जामीन राहिलेले एक वृद्ध शिक्षक होते. त्यांच्या निवृत्तीच्या पैशातून निम्मी रक्कम वसूल झाली. मला लेखी ठपका मिळाला. वेतनवाढ मात्र वेळेवर मिळाली.

कोणी म्हणेल, हा अभावातला मोह. ज्याच्या घरी भरलेले आहे तो अशा मार्गाने कशाला जाईल? मलाही तसे वाटे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे संस्थापक अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांचे संचालक मंडळाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले आणि तो समज गेला. १९८७ साली स्थापन झालेली ही हैदराबादची कंपनी, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेली, पन्नास हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची. आपल्या घरांतली कितीतरी मुले अशा कंपन्यांत आहेत, म्हणून हे पत्र मी दोन-तीनदा वाचले. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात रोख व बँकशिल्लक सुमारे ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातील ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा परिचालन नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा होता ६१ कोटी.

हे एका दिवसात घडले नव्हते. राजूंनीच लिहिले होते की, खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतील अंतर आरंभी किरकोळ होते, वर्षानुवर्षे ते वाढत गेले. आपण वाघावर स्वार झालो होतो आणि तो खाणार नाही अशा बेताने उतरावे कसे हे कळत नव्हते, अशी उपमाही त्यांनी दिली. पत्रातील प्रत्येक शब्द खरा मानावा असे मी म्हणणार नाही. आपण एक रुपयाही घेतला नाही असेही त्यात होते, आणि न्यायालयाने पुढे त्यांना दोषी ठरवले. परंतु अंतर वाढण्याची ती रीत हिशेब जाणणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. नफा फुगवला की तो पैसा कुठेतरी दिसायला हवा, म्हणून बँकेत नसलेली शिल्लक दाखवायची. शिल्लक दाखवली की तिच्यावरचे व्याजही दाखवायला हवे. पत्रात असे ३७६ कोटींचे न मिळालेले व्याज कबूल केलेले आहे. मग खोटी बीजके, ठेवींच्या खोट्या पावत्या. डिसेंबर २००८ मध्ये कुटुंबीयांच्या ‘मेटास’ कंपन्या सत्यमने विकत घ्याव्यात असा घाट घातला गेला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणून ठेवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. भागधारक खवळले आणि काही तासांत तो बेत सोडावा लागला. (‘मेटास’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘सत्यम’ होते. सत्य उलटे ठेवून उभारलेल्या कंपनीने सत्याला वाचवायचे, हा योगायोग एखाद्या नाटककारालाही अवघड वाटला असता.)

त्याच वर्षी सप्टेंबरात या कंपनीला उत्तम कंपनी-शासनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘काय निष्ठा आहे या मुलाची!’ हे आमचे वाक्य मला तेव्हा आठवले.

९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले. राजूंना सात वर्षांची सजा झाली. पुढील महिन्यात वरच्या न्यायालयाने ती स्थगित करून त्यांना जामीन दिला. कंपनी टेक महिंद्रने घेतली आणि हजारो घरांच्या चुली विझल्या नाहीत, हे आपले भाग्य.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असे नाही. सभापर्वातला द्यूताचा प्रसंग पुन्हा वाचा. द्रौपदी पणाला लागली एवढेच आपण लक्षात ठेवतो. धर्मराजाचा पहिला पण मात्र सुवर्णालंकारातील एका बहुमोल मण्याचा होता. राजसूय केलेल्या राजाला एक मणी गेल्याने काय फरक पडणार? त्यानंतर सुवर्ण, रथ, दासदासी, हत्ती, घोडे, मग नकुलापासून एकेक भाऊ, मग स्वतः. द्यूत कपटाचे असते हे त्याने खेळण्यापूर्वी स्वतः सांगितले होते. त्याला कळत नव्हते असे नाही. बोलावल्यावर मागे फिरायचे नाही, या व्रताचा आधार त्याने घेतला. आणि धृतराष्ट्राने सारे परत दिल्यावर? दुसऱ्यांदा बोलावणे आले, तेव्हा तो पुन्हा गेला, आणि एका फाशावर तेरा वर्षांचा वनवास व अज्ञातवास घेऊन उठला. सारे परत मिळाले तरी मनाला पडलेले दार बुजत नाही.

तो एजंट मला नंतर एकदा एस. टी. स्थानकावर भेटला. एका किराणा दुकानात हिशेब लिहीत होता. चहा घेताना म्हणाला, ‘‘साहेब, त्या दिवशी तुम्ही मोठ्या साहेबांकडे नेलं असतं तर काय झालं असतं हो?’’ मी त्याला खरे तेच सांगितले. एकशे ऐंशी रुपये कमिशनातून वळते झाले असते, फार तर ताकीद मिळाली असती. तो बराच वेळ काही बोलला नाही. चहाचे पैसे त्यानेच दिले.

पुढे मी शाखाधिकारी झालो तेव्हा रोखपाल, एजंट, शिपाई सर्वांना पहिल्याच दिवशी बोलावून सांगितले की, ज्या दिवशी चूक झाली त्याच दिवशी जो माझ्या टेबलाशी येईल, त्याची रक्कम दोन सह्यांनिशी नोंदवून हप्त्यांनी वळती केली जाईल, आणि मी आवाज चढवणार नाही. आवाज न चढवणे मला जड गेले, हे येथे बसलेल्या माझ्या सौभाग्यवती सांगतील. ‘सांगितलं तर बाबा ओरडतील’ ही भीती मुलाला गप्प बसायला शिकवते, म्हणून घरीही तोच नियम लावला. मुलाने शाळेच्या सहलीच्या पैशातले पंचवीस रुपये खर्चून टाकले होते. ते सांगायला तो रात्री साडेदहाला माझ्या खोलीच्या दाराशी आला. दहा मिनिटे तो दारातच उभा होता. मीही त्याला घाई केली नाही.

बँकेत त्या नोंदींसाठी मी एक साधी दोनशे पानी वही ठेवली होती. निवृत्त होईपर्यंत तिची सत्तेचाळीस पाने भरली. सर्वांत मोठी रक्कम अकराशे रुपयांची होती. शेवटच्या दिवशी तिजोरीच्या चाव्यांबरोबर ती वही मी नव्या अधिकाऱ्यांच्या हाती दिली आणि तिची पोच लिहून घेतली.