आवाजाचा ठेवा जपताना
(कार्यकर्त्यांच्या कुटुंब एकत्रीकरणातील भाषणाचा अंश)



फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि पुढे आपल्या घराघरांतून बौद्धिके, कीर्तने, आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गीतरामायण पुन्हा विकत मिळेल. आजीचा आवाज कोणत्या दुकानात मिळणार?

दमट हवेत फितीला बुरशी धरते. अशी फीत यंत्रात घालूच नये, जाणकाराकडे सोपवावी. इतर फिती आधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळाव्यात, टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडणी करावी. हल्लीच्या लॅपटॉपना ती सोय बहुधा नसते, तेव्हा छोटे यूएसबी उपकरण लागते. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ६० मिनिटांच्या फितीला ६० मिनिटे द्यावीच लागतात. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवावी, तासाला सुमारे ६३५ एमबी. खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. वक्त्याचा खोकला, मागचा घंटानाद मात्र राहू द्यावा!

आणि वक्ता कोण, गाव कोणते, वर्ष कोणते, हे त्याच वेळी लिहून घ्या. ते आवाज ओळखणारी ऐंशी-नव्वदीची मंडळी अजून आपल्यात आहेत. येत्या रविवारी त्यांना शेजारी बसवूनच पहिली फीत लावा.