पहिला रेडिओ घेताना एकच प्रश्न : पलीकडे कोण आहे?

(टेंभुर्णीत तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



पहिला हॅम रेडिओ कोणता घ्यावा, जुना की नवा, यावर बोल असं मला सांगितलं गेलं. विषय अगदी वेळेवर आलाय. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी तिघांनी मला एकाच हँडसेटचा फोटो पाठवून विचारलं, "भाई, हा घेऊ का?" तिघांनाही मी म्हटलं, थांबा. का थांबा, ते आज सांगतो.

मी याच गावचा. डिग्री इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. चार वर्षं अँटेनाची गणितं सोडवली, पण पास होईपर्यंत एकही अँटेना स्वतः बांधली नव्हती. हॅम रेडिओकडे वळलो ते त्या लाजेपोटी.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांना सरकारच्या परवानगीने वापरता येणारा वायरलेस. मध्ये मोबाइल कंपनी नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. माझा सेट, माझी तार, आणि पलीकडे तुमचा सेट, तुमची तार. धंद्यासाठी तो वापरता येत नाही. हवेवर धर्म आणि राजकारण बोलायचं नाही, असा जुना रिवाज आहे. पलीकडचा माणूस आधी कॉलसाइन विचारतो, मग सिग्नल कसा येतोय ते सांगतो आणि लगेच अँटेनाची चौकशी करतो.

आता माझी पहिली चूक ऐका. मी तोच दीड-दोन हजारांचा चिनी हँडसेट ऑनलाइन मागवला होता. लायसन्स नव्हतं. संध्याकाळी भीमेच्या काठी जाऊन बटण दाबून हॅलो हॅलो करत होतो. गस्तीवरच्या दोघांनी थांबवलं. हे काय आहे, कुणाशी बोलतोस, लायसन्स कुठंय? मग नाव विचारलं. नाव ऐकून प्रश्न वाढले की आधीच वाढत होते, ते मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण लायसन्सच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ती चूक माझी होती. अब्बांना यावं लागलं. ओळखीमुळे समज देऊन सोडलं. रस्ताभर अब्बा गप्प होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आधी कागद, मग खेळणं."

म्हणून पहिला मुद्दा कागदाचा. आपल्या देशात वायरलेस सेट लायसन्सशिवाय वापरणं सोडाच, बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. १९३३ चा कायदा हेच सांगत होता. २०२३ चा दूरसंचार कायदाही सेट बाळगण्यासाठी परवानगी मागतो. "पण ऑनलाइन तर सर्रास मिळतो ना?" असं तुम्ही म्हणाल. मिळत होता, म्हणूनच मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ई-कॉमर्सवरच्या वॉकीटॉकी विक्रीसाठी नियमावली काढावी लागली. वस्तू विकायला ठेवलेली दिसली म्हणजे ती वापरायची मुभा मिळाली, असं होत नाही.

यात तांत्रिक कारणही आहे. बाओफेंग यूव्ही-५आरसारखा हँडसेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लागतो. त्या पट्ट्यात हॅमच्या वाट्याला आहेत फक्त १४४ ते १४६. बाकीच्या जागेवर दुसऱ्यांची कामं चालू असतात. कुठे बोलायचं नाही हे माहीत नसलेल्याच्या हातात तो सेट म्हणजे ब्रेक न शिकता चालवलेली गाडी.

परीक्षा अवघड नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा लायसन्स देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला दोनच गोष्टी लागतात, रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम. जनरल ग्रेडला मोर्स कोडची भर पडते. रिस्ट्रिक्टेडची कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होते, जनरलची व्हीयू२ ने. बारावी सायन्सच्या मुलाला किंवा आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला दोन महिन्यांचा अभ्यास पुरतो. मात्र माझ्या वेळी परीक्षेनंतर लायसन्स हातात पडायला काही महिने गेले. सेट निवडायचा तो याच काळात.

निवडायचा कसा? आधी ऐकून. वेबएसडीआर नावाची सोय आहे. कुणीतरी आपला रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवतो आणि जगातला कुणीही तो ब्राउझरमधून फिरवू शकतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा प्रसिद्ध आहे. एक रुपया लागत नाही. घरात दादांचा शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर असेल तर तोही काढा, पण त्यावर हॅमचं बोलणं बदक बोलल्यासारखं येईल. सेट बिघडलेला नसतो. हॅम लोक एसएसबी पद्धतीने बोलतात आणि ते उलगडायची सोय साध्या ट्रान्झिस्टरमध्ये नसते. एवढं कळलं की पहिला धडा झाला.

आता दुकानात जायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: पलीकडे कोण आहे?

हँडसेट पाच वॉटचा असतो आणि त्याची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. जमिनीवरून जमिनीवर काही किलोमीटर. पुण्या-मुंबईकडे तो चालतो, कारण तिथे उंचावर रिपीटर आहेत आणि बोलणारी माणसं आहेत. आपल्या टेंभुर्णीपासून पुणे दीडशे किलोमीटरच्या पुढे, सोलापूर नव्वदच्या आसपास. इथल्या गच्चीवर उभं राहून हँडसेटवर कितीही ओरडा, उत्तर येणार नाही. माझा तो हँडसेट नंतर लायसन्स आल्यावरही कपाटातच पडून होता.

याउलट ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटरचा पट्टा घ्या. ही लहर वर आयनोस्फिअरला धडकून खाली येते. तार फार उंच नसेल तर दिवसा ती तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिघात पावसासारखी पडते. टेंभुर्णीतून पुणे, हैदराबाद, हुबळी सगळं आवाक्यात. अँटेना लागते ती साधी. एकूण वीस मीटर वायर, मधोमध कापून दहा-दहा मीटरचे दोन हात, मध्ये ५० ओहमची कोऑक्सियल केबल. आधी वायर थोडी जास्त ठेवायची आणि मीटर बघत छाटायची. गच्ची आणि समोरचं लिंबाचं झाड पुरतं. एकच ताकीद देतो: विजेच्या तारांच्या आसपास ही वायर कधीही टाकू नका. तुटून पडली तरी त्या तारांना लागणार नाही एवढं अंतर ठेवा.

म्हणून आपल्यासारख्या गावातल्या नवख्याने पहिला सेट ४० मीटरचा घ्यावा, हँडसेट नंतर.

मग जुना की नवा? नवा जपानी शंभर वॉटचा सेट चांगलाच असतो, पण किंमत लाखाच्या घरात जाते. वर १३.८ व्होल्टचा, वीस अँपिअरहून जास्त देणारा पॉवर सप्लाय. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला तेवढी ताकद लागतही नाही. कर्ज काढून हा घेऊ नका. हप्ते चालू असतात आणि हौस सहा महिन्यांत ओसरते, असं मी पाहिलंय.

जुना सेट उत्तम, पण पारखून. माझी दुसरी चूक इथली. एका अनोळखी माणसाकडून मी जुना सेट घेतला. डिस्प्ले झगझगीत, आवाज खणखणीत. घरी आणून बोलायला गेलो तर बाहेर काहीच जाईना. पाठवणारे शेवटचे ट्रान्झिस्टर, ज्यांना फायनल म्हणतात, ते जळालेले होते. मी फक्त ऐकून पाहिलं होतं, बोलून पाहिलंच नव्हतं.

तेव्हा जुना सेट बघायला जाताना लायसन्सधारक जाणता माणूस बरोबर न्या. अँटेनाऐवजी डमी लोड लावून प्रत्येक बँडवर किती वॉट निघतात ते मीटरवर बघा. दहा मिनिटं चालू ठेवा, फ्रिक्वेन्सी सरकते का पाहा. माइकचं बटण, व्हॉल्यूमची खरखर, पाठीमागचे स्क्रू बघा. घासलेले स्क्रू म्हणजे आत कुणीतरी हात घातलाय. जळका वास येतो का पाहा. विकणाऱ्याचं लायसन्स बघा, आणि मॉडेल, सिरियल नंबर घालून सहीची पावती घ्या. पावती नाही तर सेट नाही, मग कितीही स्वस्त असो. बोलून न दाखवता विकणाऱ्याकडून घेऊ नका.

तिसरी वाट मला सगळ्यांत जवळची: किट. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, हे सॉफ्टवेअरमधले गृहस्थ. वीस वर्षांपूर्वी त्यांनी बिटेक्स नावाच्या सेटचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. कल्पना साधी होती. सेटचे बरेच भाग ऐकायला आणि बोलायला तेच वापरायचे, आणि सुटे भाग आपल्या बाजारात मिळतील असे निवडायचे. कॉइलसाठी लागणारी कोर मिळत नव्हती, तर त्यांनी नळाचे वायसर वापरले. २०१६ मध्ये ४० मीटरसाठी बिटेक्स-४० हा तयार बोर्ड आला. पुढच्या वर्षी मायक्रोबिटेक्स आला, दहा वॉटच्या आसपास, शॉर्टवेव्हच्या सगळ्या हॅम बँडवर चालणारा, आर्डुइनोवर नियंत्रित. त्याचा कोड खुला आहे, बदलता येतो. जगभरच्या हॅमनी तो बांधला, सुधारला. आपण चांगल्या गोष्टी कायम बाहेरून येण्याची वाट बघतो. ही हैदराबादहून बाहेर गेलेली आहे.

किटचा सेट दिसायला साधा आणि थोडा लहरी असतो. पण बिघडला तर उघडता येतो, आणि मोटरसायकलच्या बॅटरीवर चालतो. आपल्याकडे वीज कधी जाते हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या अम्मीला टेंभुर्णीत भांडी वाजलेली आठवतात. त्या भागात संदेश पोहोचवायला हॅम लोक गेले होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी त्याच सेटवरून अंदमानातल्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली. दोन्ही वेळा कामी आली ती आधीपासून सराव असलेली माणसं.

आणि आता आपल्या घरचं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. माझ्या खालाचं गाव आपल्याच माढा तालुक्यात, सीनेच्या काठी. वीज गेली, खालाचा फोन बंद. मी त्या आठवड्यात टेंभुर्णीतूनच काम करत होतो. सकाळी बॅटरीवर सेट लावला. बंगळुरूचा एक हॅम इतका स्पष्ट येत होता की जणू शेजारच्या खोलीत बसलाय. त्याने मदतीचं विचारलं, माझ्या सिग्नलचं कौतुकही केलं. खालाचं गाव इथून तासाभराच्या अंतरावर, आणि तिथे काय चाललंय हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. ती सुखरूप होती, गावच्या शाळेत होती. अम्मीने ते दोन दिवस कसे काढले ते मी पाहिलंय.

माझा सेट चांगला होता, अँटेना चांगली होती, लायसन्स होतं. पलीकडे कुणी नव्हतं. मी रेडिओ घेतला होता, पण एकट्याने.

म्हणून माझा सल्ला असा. तिघा-चौघांनी मिळून परीक्षेला बसा, त्यात मुलीही असू द्या. पैसे जमवून एक जुना पारखलेला सेट किंवा एक किट घ्या. दुसरा सेट घ्याल तो नदीकाठच्या गावातल्या कुणासाठी. तो आपल्या जमातीतला असलाच पाहिजे असं नाही. पुरात संदेश देताना कुणाचा ते बघायचं नसतं, आणि घेणाराही बघत नाही. हँडसेट त्यानंतर, आणि जोडीने. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी बोलायचं, म्हणजे गरजेच्या दिवशी हात थरथरणार नाहीत.

ज्यांनी हँडसेट आधीच मागवलाय, त्यांनी आज घरी जाऊन ऑर्डर रद्द करा. परीक्षेची पुस्तकं मी आणलीत, जाताना घेऊन जा. वाचून झाल्यावर पुढच्याला द्या. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गच्चीवर या. सेट मी चालवीन, तुम्ही ऐका. वीस मीटर वायर आणि एक बांबू ठेवलाय, अँटेना मात्र तुम्ही बांधायची.

हॅम लोक निरोप घेताना ७३ म्हणतात, म्हणजे मनापासून शुभेच्छा. तुम्हा सगळ्यांना ७३ आणि खुदा हाफिज.