व्यसनी माणसाचें परत येणें

अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत, लेक्सिंग्टन शहराजवळ, इ. स. १९३५ च्या मे महिन्यांत एक विलक्षण संस्था उघडली. सुमारें एक हजार एकर जमीन, गाईंचे गोठे, भाजीपाल्याचीं शेतें आणि मध्यभागीं हजाराहून अधिक माणसें राहतील एवढी प्रचंड इमारत! अफू, मॉर्फीन व हेरॉइन यांच्या पाशांत सांपडलेल्यांसाठीं तेथील मध्यवर्ती सरकारनें हें 'नार्कोटिक फार्म' बांधलें होतें. शिक्षा झालेले कैदी तेथें येत, तसेच आपण होऊन दाखल होणारेहि येत. मोकळी हवा, नियमित श्रम आणि कुसंगतीपासून दूर असा दीर्घ वास लाभला म्हणजे मनुष्य सुधारेल, ही त्यामागील श्रद्धा. व्यसनी मुलाला कांहीं दिवस गांवीं धाडावें, असा सल्ला आपल्याकडील वडीलधारीं माणसें देतात, तोहि ह्याच श्रद्धेपोटीं.

शरीरापुरती ती खरी ठरली. विष उतरे, भूक लागे, अंगावर मांस चढे. परंतु बाहेर पडलेल्यांपैकीं फार मोठा भाग पुन्हा व्यसनाकडे वळला. कित्येक तर त्याच दारांतून पुनःपुन्हा आंत आले. मनाचें दौर्बल्य म्हणून हा प्रश्न निकालांत काढणें सोपें होतें. तेथील डॉक्टर अब्राहम विक्लर यांनीं मात्र बारकाईनें पाहिलें. कित्येक महिने नशेचा कणहि न घेतलेले रुग्ण एकत्र बसून जुन्या नशेच्या गोष्टी बोलूं लागले कीं, त्यांना जांभया येत, डोळ्यांना नि नाकाला पाणी सुटे. म्हणजे नशा नुकतीच तुटल्यावर दिसणारीं लक्षणें पुन्हा उमटत! पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला नुसत्या इशाऱ्यानें लाळ सुटे, त्यांतलाच हा प्रकार. विक्लर यांनीं १९४८ सालीं तो सिद्धांतरूपानें मांडला. जुनी गल्ली, जुने सोबती हेच शरीराला इशारे होऊन बसतात. शेतावर ती गल्लीच नव्हती. मग तेथें मनुष्य बरा दिसला यांत नवल तें काय?

तर मग दीर्घ निवास व्यर्थच का? तसेंहि नाहीं. १९५२ सालीं लेक्सिंग्टनला दाखल झालेल्या न्यूयॉर्कच्या शंभर रुग्णांचा जॉर्ज व्हेलंट यांनीं वीस वर्षें मागोवा घेतला. आपखुशीच्या अल्प मुक्कामाचा गुण क्वचितच टिकला. पण दीर्घ बंदिवासानंतर ज्यांच्यावर बाहेरहि वर्षभर देखरेख राहिली, ते पुष्कळ अधिक प्रमाणांत सांवरले. प्रसिद्ध सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स १९५५ सालीं तेथें होते. सुटल्यावर न्यूयॉर्कच्या मैफली टाळून ते शिकागोंत झाडलोटीसारखीं कामें करीत राहिले आणि मगच पुन्हा वादनाकडे वळले. लेक्सिंग्टनला काम केलेल्या डॉक्टर मेरी नायस्वांडर यांनीं तर पुढें, १९६० नंतरच्या दशकांत, व्हिन्सेंट डोल यांच्यासह वेगळीच वाट धरली : रुग्णास त्याच्या शहरांतच ठेवून रोज मेथाडोन द्यावयाचें. लेक्सिंग्टनचें तें रुग्णालय १९७४ सालीं बंद पडून तेथें तुरुंग झाला.

घरच्यांनीं एक धोका मात्र विशेष जाणून असावा. दीर्घ निवासांत शरीराची विष सोसण्याची संवय मोडते. अशा वेळीं परतलेल्या माणसानें पूर्वीचीच मात्रा एकदां घेतली, तरी ती प्राणघातक ठरूं शकते. म्हणून पहिल्या कांहीं आठवड्यांत तो कोठें राहील, कोणतें काम करील, कोणत्या डॉक्टरकडे जाईल आणि पाय घसरलाच तर रात्रीं कोणाला हांक मारील, हें त्याच्या सुटकेच्या दिवसापूर्वींच ठरलेलें असावें.