नाव, पत्ता आणि एकच पाटी

प्रवरेच्या दोन काठांवर दोन कोल्हार आहेत, हे आपल्या भागातल्या कोणासही सांगावयास नको. एक कोल्हार बुद्रुक, राहाता तालुक्यातले. दुसरे कोल्हार खुर्द, राहुरी तालुक्यातले. त्यातून भगवतीदेवीच्या देवळामुळे पहिल्याला कोणी कोल्हार-भगवतीपूर म्हणतो. जिल्ह्याचेही तेच. जन्मभर अहमदनगर म्हणत आलो, २०२४ साली तो अहिल्यानगर झाला. मग पत्र चुकत कसे नाही? नावाच्या जोडीला पाकिटावर सहा आकडी पिन असतो म्हणून. हा पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी होते.

माणसाला नाव लक्षात राहते, व्यवस्थेला आकडा सोयीचा पडतो. संगणकांच्या जाळ्यातही हीच तऱ्हा आहे. तिथे प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता असतो. उदाहरणार्थ, १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. त्याचे नाव लोकलहोस्ट. नावावरून पत्ता कसा काढतात, एवढाच आजचा विषय.

युनिक्स जातीच्या संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक साधी फाईल असते. तिच्या प्रत्येक ओळीत आधी पत्ता, मग अधिकृत नाव, मग असतील तर इतर नावे. गावच्या नोंदवहीसारखीच म्हणा ना. ही वही वाचण्यासाठी सी भाषेत तयार फंक्शने आहेत. ती १९८३ सालच्या बर्कली युनिक्सबरोबर आली. ‘सेट-होस्ट-एन्ट’ वही उघडून पहिल्या नोंदीवर आणून ठेवते. ‘गेट-होस्ट-एन्ट’ला हाक मारली की ते एक नोंद हाती देते, पुन्हा हाक मारा, पुढची नोंद, वही संपली की रिकामा हात दाखवते. ‘एन्ड-होस्ट-एन्ट’ वही मिटते. आणि सारी वही न चाळता एकाच नावाचा पत्ता हवा असेल, तर ‘गेट-होस्ट-बाय-नेम’.

हाती येणाऱ्या नोंदीत पाच गोष्टी असतात: अधिकृत नाव, इतर नावांची यादी, पत्त्याचा प्रकार, पत्त्याची लांबी आणि पत्त्यांची यादी. आपला जिल्हा या वहीत असता, तर अहिल्यानगर पहिल्या जागी आणि अहमदनगर दुसऱ्या यादीत बसले असते. कोणत्याही नावाने विचारा, पत्ता तोच मिळाला असता.

एके काळी साऱ्या जाळ्याची मिळून अशी एकच वही होती, हे ऐकून नवल वाटेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधनसंस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचे कार्यालय ती सांभाळी. नवे यंत्र आले की त्यांना कळवावयाचे, आणि इतरांनी ती वही उतरवून घ्यावयाची. यंत्रे वाढली तसे हे झेपेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देण्याची पद्धत आखली. जो तो आपापल्या शाखेची वही ठेवील. भारताची ‘डॉट इन’ ही शाखा पुष्कळ वर्षे मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००५ साली ती दुसऱ्या संस्थेकडे गेली. तरीही घरची छोटी वही प्रत्येक यंत्रात आजही आहे, आणि बहुधा आधी तीच पाहिली जाते.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ती जरूर ऐकावी.

मी मूळचा गणिताचा एम. ए.; संगणक मागाहून शिकलो आणि शिकवू लागलो. काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना एक काम दिले होते. दोन यंत्रांची नावे विचारा, दोन्ही उत्तरे जवळ ठेवा, आणि शेवटी दोन्ही पत्ते छापा. नदीकाठच्या एका मुलाच्या पडद्यावर दोन्हींचा पत्ता एकच आला. मी म्हणालो, “अरे, तू एकच नाव दोनदा विचारलंस. दुसऱ्याचं बघून लिहिलंस ना?” तो म्हणाला, “नाही सर. एकेक विचारून लगेच छापलं तर बरोबर येतंय. दोन्ही ठेवली की बिघडतं.” मी ऐकून घेतले नाही. सगळ्यांसमोर बोललो आणि गुण कापले.

रात्री मात्र त्याचे वाक्य मनातून जाईना. घरी तोच कार्यक्रम चालवून पाहिला. मुलगा खरे बोलत होता. मग माहितीपुस्तिका काढली. तिथे स्वच्छ लिहिले होते की, हे फंक्शन उत्तर एकाच ठरलेल्या जागेत लिहिते, आणि पुढचा प्रश्न विचारताच ते पुसले जाऊ शकते. म्हणजे वर्गात पाटी एकच! मुलाने पहिल्या उत्तराची नक्कल केली नव्हती. ते पाटीवर कुठे लिहिले आहे एवढीच खूण ठेवली होती. दुसऱ्या प्रश्नाला पाटी पुसली, आणि दोन्ही खुणा एकाच उत्तराकडे बोट दाखवू लागल्या. चूक त्याची होती खरी. पण ती माझ्या टिपणांतून आली होती. ‘आधी आपल्या वहीत उतरवून घ्या, मग पुढचे विचारा’ ही ओळ माझ्या टिपणांत नव्हतीच, आणि तीच टिपणे मी वर्षानुवर्षे देत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून गुण वाढवून दिले, आणि ज्या वर्गासमोर बोललो होतो त्याच वर्गासमोर माझी चूक सांगितली. तो फक्त “असू द्या सर” म्हणाला. त्या दोन शब्दांनी मला अधिक वाईट वाटले.

आता नवे काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘गेट-होस्ट-बाय-नेम’ हे पोझिक्स या मानकातून २००८ साली काढून टाकले आहे. त्याऐवजी ‘गेट-ऍड्र-इन्फो’ वापरावे. ते दर वेळी नवी पाटी देते, मात्र काम झाल्यावर ती आठवणीने परत करावी लागते. आणि जुन्या-नव्या दोन्ही प्रकारचे पत्ते त्याला समजतात. वही ओळीने वाचणारी तिन्ही फंक्शने त्या मानकात राहिली आहेत. पण त्यांचीही पाटी एकच, हे विसरू नये.

गुरुजींनो, वर्गात ही गोष्ट शिकवताना संगणक नसला तरी अडत नाही. एक पाटी घ्या. एका मुलाला कोल्हार बुद्रुकचा तालुका विचारा, पाटीवर लिहा. ती पुसून कोल्हार खुर्दचा लिहा. मग पहिले उत्तर मागा. ज्याने वहीत उतरवले असेल तोच सांगू शकेल. आणि एखादे पोर “सर, मी बरोबर विचारलं होतं” असे म्हणाले, तर गुण कापण्याआधी त्याचे काम एकदा स्वतः करून पाहा.