स्वागताध्यक्षांचे भाषण



कापसाच्या आणि उन्हाच्या या मुलुखात स्वागत समितीच्या वतीने आपले स्वागत करताना पाहुणचारातील उणिवांची क्षमा मी आधीच मागून ठेवतो; 'शकुंतला' ही आगगाडी बंद पडल्यामुळे आपणांस धामणगावी उतरून मोटारीने यावे लागले, त्याची जबाबदारी मात्र समितीच्या शिरावर नाही.

आता आपल्या विषयाकडे वळतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाचा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, पहिल्या उपचारानंतर उलटला, तर मूलपेशी-प्रत्यारोपणाचा विषयच काढू नये, असा एक अलिखित हुकूम वैद्यकाच्या दप्तरात दीर्घकाळ चालत आला. त्या काळी तो अगदीच निराधार नव्हता. ज्याची प्रतिकारशक्ती मुळातच क्षीण, त्याची अस्थिमज्जा तीव्र औषधांनी रिकामी करण्यास कोण धजणार? परंतु विषाणूला काबूत ठेवणारी औषधे 1 एप्रिल 2004 पासून आपल्या सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली. आणि रुग्णाच्याच रक्तातून मूलपेशी वेचून, गोठवून, औषधांचा मारा संपताच त्या परत देण्याची रीत अशा रुग्णांनाही सोसते, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले. त्यातील 40 प्रत्यारोपितांपैकी सुमारे 87 टक्के वर्षानंतर हयात होते.

दात्याच्या मूलपेशी घेतलेल्या लंडनच्या एका रुग्णाचा कर्करोगाबरोबर विषाणूही गेल्याची वार्ता 2019 साली गाजली. ती खरी आहे. पण विषाणूला पेशीत शिरू न देणारा जनुकबदल असलेले दाते विरळा, आणि परक्याच्या पेशी घेण्यातला धोका मोठा, तेव्हा आमच्या रुग्णाने तिच्यावर आशा बांधावी, असे मी म्हणणार नाही.

डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले; वणी-पांढरकवड्याच्या शेतमजुराला मुंबई आजही दूरच आहे. शिवाय दूर आहे ती केवळ कोसांनी नव्हे. वर्धा नदीपलीकडे, वरोड्याला, बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन वसविले, त्या प्रदेशाला रोग्याचे भय म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने उपचारातील भेदभावाला मनाई केली खरी, परंतु कायद्याची प्रत दवाखान्याच्या भिंतीवर टांगल्याने नकार थांबत नाहीत.

म्हणून या जिल्ह्यातील वैद्यकांना माझी एकच विनंती आहे : रोग उलटताच विषाणूविरोधी औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राने आणि कर्करोगतज्ज्ञाने आपापले स्वतंत्र कागद न रंगविता एकत्र बसून शिफारसपत्र लिहावे, मज्जेला दाबणारे झिडोव्यूडिन चालू असेल तर ते वेळीच बदलावे, आणि 'एचआयव्ही आहे' एवढ्याच कारणास्तव कोणाचाही अर्ज परत करू नये. ही तजवीज कशी करावी, याचा खल आपण पहिल्याच सत्रात करावा, अशी विनंती करून सभेची सूत्रे मी अध्यक्षांच्या स्वाधीन करतो.