आंकड्यांची साक्ष

घरांत एखादें माणूस दीर्घकाळ आजारी असलें म्हणजे त्या घरीं वर्तमानपत्र निराळ्याच नजरेनें वाचलें जातें. "नव्या औषधानें शेंकडा ८० रोगी बरे" अशी चार ओळींची वार्ता कोपऱ्यांत छापलेली असते. कोणीतरी ती कापून ठेवतें, आणि संध्याकाळीं डॉक्टर आले कीं त्यांच्यापुढें धरतें. डॉक्टर ती वाचतात आणि "पाहूं" एवढेंच म्हणतात. घरच्या मंडळींना वाटतें, हे उगाच आढेवेढे घेत आहेत. परंतु त्या एका शब्दामागें एक संपूर्ण शास्त्र उभें असतें. त्याला संख्याशास्त्र म्हणतात. नांव ऐकतांच बीजगणिताचा तास आठवून पुष्कळांच्या पोटांत गोळा उठतो. वास्तविक त्यांतील मुख्य विचार समजण्यास त्रैराशिकापलीकडचें गणित लागत नाहीं. लागते ती योग्य वेळीं योग्य प्रश्न विचारण्याची संवय.

पहिला प्रश्न असा: औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ८० बरे झाले, तर न घेणाऱ्यांपैकीं किती? पडसें औषधानें आठवड्यांत बरें होतें आणि औषधावांचून सात दिवसांत, असें विनोदानें म्हणतात. त्या विनोदांत हाच प्रश्न आहे. न घेणारेहि शेंकडा ८० बरे झाले असतील, तर औषधाचें श्रेय शून्य. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, एवढाच त्याचा अर्थ.

क्षयासारख्या रोगांत ही फसगत फार सोपी असते. हा रोगी कांहीं दिवस आपोआप सुधारतो, पुन्हां ढासळतो. सुधारण्याच्या दिवसांत जें औषध सुरू होईल त्याला यश फुकट मिळतें. १९२४ सालीं डेन्मार्कमध्यें मोलगोर यांनीं सोन्याचा एक क्षार क्षयावर सुचविला, आणि पुढें पुष्कळ वर्षें युरोप-अमेरिकेंतील रोगी त्याचीं इंजेक्शनें घेत राहिले. गुण येतो असें सांगणारे डॉक्टर प्रामाणिक होते. पण गुण कशानें येतो, हें कोणी पारखलें नव्हतें.

अमेरिकेंत डेट्रॉइटजवळच्या एका आरोग्यधामांत अँबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती पारख केली. त्यांनीं २४ रोगी निवडून त्यांचे १२-१२ चे दोन सारखे गट पाडले, आणि सोनें कोणत्या गटाला द्यावयाचें हें नाणें उडवून ठरविलें. दुसऱ्या गटाला नुसत्या शुद्ध पाण्याचीं इंजेक्शनें दिलीं. आपल्याला काय मिळत आहे हें रोग्यांना ठाऊक नव्हतें. १९३१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. सोन्यानें क्षयाला उतार पडला नाहीं. उलट त्याच्या विषारी परिणामांनीं रोग्यांना त्रास मात्र झाला.

एवढ्या गंभीर कामांत छापा-काटा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें कारण माणसाच्या स्वभावांत आहे. निवड डॉक्टरांच्या हातीं ठेवली, तर त्यांचा हात नकळत एका बाजूला झुकतो. ज्याची आशा अधिक त्याला नवें औषध देण्याकडे एकाचा कल असतो. ज्याची आशाच सुटली त्याला तें देऊन पाहावें असें दुसऱ्याला वाटतें. दोन्ही रीतींनीं गट विषम होतात, आणि मग फरक औषधाचा कीं मूळ प्रकृतीचा हें कळत नाहीं. नाण्याला दयामाया नसते. म्हणूनच तें येथें न्यायी ठरतें.

या विचाराला पूर्ण शास्त्रीय रूप आलें तें इंग्लंडांत. १९४३ सालीं अमेरिकेंतील वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसीन हें औषध मातींतील एका सूक्ष्म जीवापासून मिळालें होतें. महायुद्धानें खंगलेल्या ब्रिटनला त्याचा थोडाच सांठा मिळाला. तो कसा वापरावा हें ठरविणाऱ्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या समितींत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ होते. हिल यांना डॉक्टर व्हावयाचें होतें. पण पहिल्या महायुद्धांत त्यांना स्वतःलाच क्षय जडला. दीर्घकाळ अंथरुणाला खिळून असतां त्यांनीं टपालानें अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी मिळविली. क्षयाच्या रोग्यानें रात्र कशी काढली असेल हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें.

हिल यांच्या योजनेप्रमाणें दोन्ही फुप्फुसांना तीव्र क्षय झालेले १०७ तरुण रोगी घेण्यांत आले. प्रत्येकासाठीं एक बंद लिफाफा होता. रोगी पात्र ठरल्यावरच तो उघडावयाचा. आंतील चिठ्ठींत स्ट्रेप्टोमायसीन कीं केवळ विश्रांति, हें लिहिलेलें असे. याप्रमाणें ५५ जणांना औषध आणि विश्रांति मिळाली, ५२ जणांना नुसती विश्रांति. क्ष-किरणांचीं चित्रें तीन तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासलीं, आणि कोणतें चित्र कोणत्या गटाचें हें त्यांना कळूं दिलें नाहीं. कारण आशा डोळ्यांनाहि फसविते. सहा महिन्यांनीं औषधाच्या गटांत ४ रोगी मृत्यु पावले होते, दुसऱ्यांत १४. चित्रांत भरीव सुधारणा दिसली ती पहिल्या गटांतील २८ जणांत आणि दुसऱ्यांतील ४ जणांत. हे ४ जण नुसत्या विश्रांतीनें सुधारले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या हातीं एखादा अंगारा असता तर तो सिद्ध ठरला असता!

आतां दुसरा प्रश्न. ४ आणि १४ हा फरक केवळ योगायोगानें पडला नसेल कशावरून? याचें उत्तर घरबसल्या शोधतां येतें. एका घागरींत १०७ चिठ्ठ्या टाकाव्या. त्यांपैकीं १८ चिठ्ठ्यांवर फुली असावी, कारण एकूण मृत्यु १८ झाले. औषध अगदीं निरुपयोगी असतें, तर ह्या फुल्या दोहों गटांत नुसत्या दैवानें वांटल्या गेल्या असत्या. म्हणून डोळे मिटून ५५ चिठ्ठ्या काढाव्या आणि फुल्या मोजाव्या. बहुधा ८, ९, १० अशा येतील. चिठ्ठ्या परत टाकून हा खेळ शंभरदां खेळला, तरी ४ किंवा त्याहून कमी फुल्या सरासरीनें एकदांहि यावयाच्या नाहींत. जें दैवानें इतकें क्वचित् घडतें तें येथें घडलें, म्हणून दैवाला सोडून औषधाला श्रेय देणें शहाणपणाचें. संख्याशास्त्राचीं अवघड सूत्रें हीच घागर कागदावर हालवितात.

तिसरा प्रश्न शेंकड्यांचा. विश्रांतीच्या गटांत शेंकडा २७ मृत्यु झाले, औषधाच्या गटांत ७. जाहिरात लिहिणारा "मृत्यु जवळजवळ पाऊण हिश्शानें घटले" असें लिहील, आणि तें खोटें नाहीं. पण १०,००० मध्यें ४ जण ज्यानें मरतात अशा रोगांत ती संख्या १ वर आली, तरी घट पाऊण हिश्शाचीच. पहिल्या ठिकाणीं दर शंभरांतील २० जीव वांचले. दुसऱ्या ठिकाणीं दहा हजारांतील ३. म्हणून "किती पटीनें" याबरोबर "कितींपैकीं किती" हें विचारावेंच.

चौथा प्रश्न लोक सर्वांत अधिक विसरतात: किती काळपर्यंत? सहा महिन्यांचा विजय मोठा होता, पण पांच वर्षांनीं पाहतां औषधाच्या गटांतील ५५ पैकीं ३२ मृत्यु पावले होते आणि दुसऱ्या गटांतील ५२ पैकीं ३५. जंतु त्या औषधाला सरावले होते. पहिला आंकडा खोटा नव्हता. त्याला जेवढें विचारलें होतें तेवढेंच त्यानें सांगितलें. या कटु अनुभवांतूनच एकाऐवजीं दोन-तीन औषधें जोडीनें देण्याची पद्धत निघाली, आणि क्षय खरोखर बरा होऊं लागला.

त्या ५२ रोग्यांचें काय, हा प्रश्न मनाला टोंचल्यावांचून राहत नाहीं. सर्वांना पुरेल इतकें औषध देशांत नव्हतें, कोणीतरी वंचित राहणारच होतें, हें खरें. आपण एका प्रयोगांत आहोंत हें त्यांना सांगितलें नव्हतें, हेंहि तितकेंच खरें. आज रोग्याला समजावून सांगून त्याची लेखी संमति घेतल्यावांचून असा प्रयोग करतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

हीच रीत पुढें मद्रासला आली. १९५६ पासून तेथें क्षयाच्या गरीब रोग्यांपैकीं कोणी घरीं राहून औषध घ्यावें आणि कोणी आरोग्यधामांत, हें चिठ्ठीनें ठरविण्यांत आलें. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. घरचे रोगी जवळजवळ तितकेच सुधारले, आणि त्यांच्यामुळें घरांतील माणसांना लागण अधिक झाली नाहीं. रोग्याला मिरज-पांचगणीच्या हवेवर ठेवण्यासाठीं ज्या घरांनीं दागिने मोडले असतील, त्यांनाच या निकालाची खरी किंमत कळेल.

म्हणून कात्रण कापून ठेवणाऱ्याला कोणीं हंसूं नये. त्याची आशा खरी असते; तिला चार प्रश्नांची सोबत मात्र हवी. औषध न घेणाऱ्यांचें काय झालें? योगायोग नव्हे कशावरून? कितींपैकीं किती? आणि किती काळ? त्यांचीं उत्तरें वार्तेंत नसतील, तर डॉक्टरांचा "पाहूं" हा शब्द आढेवेढ्यांचा नसून काळजीचा आहे, असें समजावें. आंकडे मुके नसतात, पण न विचारतां ते अर्धेंच बोलतात. आणि प्रत्येक आंकड्यामागें कोणाच्या तरी उशाशीं जागणारें एक घर असतें, हें विचारणाऱ्यानेंहि विसरूं नये.